उदारमतवाद्यांच्या घरातील बंदूक

अमेरिकेतील बंदुकांविषयी आपल्याकडे चर्चा होते ती बहुधा तेथील एखाद्या शाळेत किंवा बाजारपेठेत गोळीबार होऊन निष्पापांचे बळी गेल्यानंतर. त्या वेळी डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते तेही ठरलेले असते. एका बाजूला ग्रामीण भागात राहणारा, गौरवर्णीय, रिपब्लिकन पक्षाला मत देणारा आणि बंदुकीला देव्हाऱ्यात बसवणारा नागरिक. दुसऱ्या बाजूला न्यूयॉर्क वा सॅन फ्रान्सिस्कोसारख्या महानगरातील सुशिक्षित, डेमोक्रॅटिक पक्षाचा, शस्त्रांवर निर्बंध मागणारा उदारमतवादी. हे चित्र खोटे आहे असे म्हणता येणार नाही, पण ते अपुरे आहे. ‘प्यू रिसर्च सेंटर’ या संस्थेने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत ३२ टक्के प्रौढ अमेरिकनांनी आपल्या मालकीची बंदूक असल्याचे सांगितले. रिपब्लिकन पक्षाकडे कल असणाऱ्यांत हे प्रमाण ४५ टक्के होते, तर डेमोक्रॅटिक पक्षाकडे कल असणाऱ्यांत २० टक्के. म्हणजेच शस्त्रनियंत्रणाची मागणी लावून धरणाऱ्या पक्षाच्या दर पाच समर्थकांपैकी एकाच्या घरी स्वतःची बंदूक आहे.

डेमोक्रॅटिक पक्षाचा प्रत्येक समर्थक उदारमतवादी असतोच असे नाही, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. तरीही गर्भपाताचा हक्क, समलिंगी विवाह, सार्वजनिक आरोग्यविमा, वांशिक समता या सर्व प्रश्नांवर उदारमतवादी भूमिका घेणारे आणि त्याच वेळी कपाटात पिस्तूल ठेवणारे लाखो नागरिक त्या देशात आहेत, हे वास्तव आहे. त्यांच्या वागण्यात विसंगती आहे काय? की बंदूक आणि राजकीय विचार यांची आज दिसणारी सांगड हीच मुळी अलीकडची आहे? या प्रश्नाची उकल करायची तर अमेरिकेच्या राज्यघटनेपासून सुरुवात करावी लागते.

एका वाक्याचे दोन अर्थ

अमेरिकी राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती १७९१ मध्ये संमत झाली. मूळ इंग्रजीत ती अवघ्या २७ शब्दांची आहे. सुनियंत्रित नागरिक-सेना ही स्वतंत्र राज्याच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक असल्याने शस्त्रे बाळगण्याच्या जनतेच्या हक्कावर अतिक्रमण होऊ नये, असा तिचा आशय आहे. या वाक्याचा पूर्वार्ध महत्त्वाचा मानला तर हा हक्क सैन्यासारख्या सामूहिक व्यवस्थेपुरता उरतो. उत्तरार्ध महत्त्वाचा मानला तर तो प्रत्येक व्यक्तीचा होतो. विसाव्या शतकाच्या बहुतांश काळात न्यायालये आणि उदारमतवादी कायदेपंडित पहिल्या अर्थाच्या बाजूने होते.

या एकमताला पहिला लक्षणीय तडा गेला तोही उदारमतवादी गोटातूनच. सॅनफर्ड लेव्हिन्सन या डाव्या विचारांच्या घटनातज्ज्ञाने १९८९ मध्ये ‘येल लॉ जर्नल’मध्ये एक लेख लिहिला. भाषणस्वातंत्र्य किंवा आरोपीचे हक्क यांचा अर्थ लावताना आपण जी व्यापक दृष्टी ठेवतो, ती दुसऱ्या दुरुस्तीच्या वेळी का सोडून देतो, असा अडचणीचा प्रश्न त्यांनी आपल्याच सहविचारींना विचारला. पुढे हार्वर्डमधील लॉरेन्स ट्राइब या ख्यातनाम उदारमतवादी प्राध्यापकांनीही आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीत या हक्काला काही एक वैयक्तिक बाजू असल्याचे मान्य केले. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हेलर खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी राजधानी वॉशिंग्टनमधील पिस्तूलबंदी रद्द केली आणि घरात स्वसंरक्षणासाठी शस्त्र बाळगणे हा व्यक्तीचा हक्क असल्याचे प्रथमच स्पष्टपणे सांगितले. मात्र हा हक्क अमर्याद नाही, हेही त्याच निकालात नमूद आहे. दोन वर्षांनी, २०१० मध्ये, हा हक्क राज्यांना आणि शहरांनाही बंधनकारक ठरला. त्या खटल्यात शिकागोच्या पिस्तूलबंदीविरुद्ध दाद मागणाऱ्यांच्या अग्रभागी एक वृद्ध कृष्णवर्णीय नागरिक होता. आपल्या वस्तीतील गुन्हेगारीपासून स्वतःचे रक्षण करण्यासाठी आपल्याला पिस्तूल हवे, एवढेच त्याचे म्हणणे होते.

कृष्णवर्णीयांचा विसरलेला वारसा

अर्जदार कृष्णवर्णीय होता हा योगायोग नव्हे. अमेरिकेतील शस्त्रनियंत्रणाच्या इतिहासाला वंशभेदाची एक काळी किनार आहे. यादवी युद्धानंतर, १८६५-६६ च्या सुमारास, दक्षिणेतील राज्यांनी नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांसाठी जे खास कायदे केले, त्यांत मिसिसिपीसारख्या राज्यांनी त्यांच्या शस्त्रे बाळगण्यावर बंदी घातली होती. त्या भागात रात्री दारावर येणाऱ्या बुरखाधारी टोळ्यांना याचा अर्थ नीट कळत होता. झुंडबळींविरुद्ध निर्भयपणे लिहिणाऱ्या पत्रकार आयडा बी. वेल्स यांनी १८९२ मध्येच, जे संरक्षण कायदा देत नाही त्यासाठी प्रत्येक कृष्णवर्णीय घरात रायफलीला मानाचे स्थान असावे, असे लिहून ठेवले आहे.

अहिंसक आंदोलनाचे प्रतीक ठरलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांच्या चरित्रातही हा पेच आढळतो. १९५६ च्या जानेवारीत माँटगोमेरी येथील त्यांच्या घरावर बॉम्ब टाकण्यात आला. घरात पत्नी आणि तान्हे मूल होते. त्यानंतर किंग यांनी शस्त्र जवळ बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला. स्थानिक अधिकाऱ्यांनी तो नाकारला. त्या काळात त्यांच्या घरी शस्त्रे होती. पुढे अहिंसेवरील त्यांची श्रद्धा दृढ होत गेली तशी त्यांनी ती घराबाहेर काढली. किंग यांचा मार्ग सर्वांनीच स्वीकारला असे नाही. उत्तर कॅरोलायनातील रॉबर्ट विल्यम्स यांनी सशस्त्र स्वसंरक्षणाचा उघड पुरस्कार केला. लुइझियानात १९६४ मध्ये ‘डीकन्स फॉर डिफेन्स अँड जस्टिस’ ही संघटना उभी राहिली. तिच्यातील अनेक जण लष्करात नोकरी केलेले होते. मतदार-नोंदणीसाठी आलेल्या अहिंसक कार्यकर्त्यांच्या मुक्कामाभोवती ते रात्री बंदुका घेऊन पहारा देत. अहिंसेच्या चळवळीला अनेक ठिकाणी रात्रीची झोप मिळाली ती या पहाऱ्यामुळे, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत फारशी सांगितली जात नाही.

१९६७ मधील कॅलिफोर्नियातील प्रसंग तर आजच्या राजकारणाच्या चौकटीत बसवणेही कठीण जावे असा आहे. ओकलंड शहरात ‘ब्लॅक पँथर’ पक्षाचे तरुण भरलेल्या बंदुका घेऊन पोलिसांच्या गस्तीवर पाळत ठेवत. तेव्हाच्या कायद्यानुसार असे उघडपणे शस्त्र बाळगण्यास मनाई नव्हती. त्याला पायबंद घालणारे विधेयक डॉन मलफर्ड या रिपब्लिकन सदस्याने मांडले. त्याच्या निषेधार्थ २ मे १९६७ रोजी सुमारे तीस पँथर सशस्त्र अवस्थेत सॅक्रामेंटो येथील विधानभवनात शिरले. विधेयक वेगाने संमत झाले आणि त्यावर स्वाक्षरी केली ती राज्याचे तत्कालीन गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी. बंदूकमालकांची सर्वांत मोठी संघटना असलेल्या ‘नॅशनल रायफल असोसिएशन’चाही त्या कायद्याला पाठिंबा होता. तेरा वर्षांनी, १९८० मध्ये, याच संघटनेने अध्यक्षीय निवडणुकीत प्रथमच एखाद्या उमेदवाराला अधिकृत पाठिंबा दिला. तो उमेदवार म्हणजे रेगन.

बंदूक उजवीकडे केव्हा वळली?

‘नॅशनल रायफल असोसिएशन’ची स्थापना १८७१ मध्ये उत्तरेकडील सैन्यातील अधिकाऱ्यांनी केली ती सैनिकांची नेमबाजी सुधारावी म्हणून. १९३४ मध्ये मशीनगनसारख्या शस्त्रांवर कर आणि नोंदणी लादणारा कायदा होत असताना या संघटनेच्या अध्यक्षांनी, सर्वांनी सरसकट शस्त्रे घेऊन फिरण्याला आपले समर्थन नसल्याची साक्ष अमेरिकी काँग्रेसपुढे दिली होती. केनेडी बंधू आणि किंग यांच्या हत्यांनंतर १९६८ मध्ये शस्त्रनियंत्रणाचा मोठा कायदा झाला. त्याला विरोध करणारा एक कडवा गट संघटनेत बळावत गेला. १९७७ मध्ये सिनसिनाटी येथील वार्षिक सभेत या गटाने नेमबाजी, शिकार आणि निसर्गपर्यटन यांकडे वळू पाहणाऱ्या जुन्या नेतृत्वाला पदच्युत केले. तेव्हापासून ही संघटना प्रामुख्याने राजकीय दबावगट म्हणून ओळखली जाऊ लागली.

१९९३ मध्ये परवानाधारक विक्रेत्याकडून बंदूक घेणाऱ्याची पूर्वतपासणी सक्तीची करणारा कायदा आला. १९९४ मध्ये लष्करी धर्तीच्या रायफलींवर दहा वर्षांसाठी बंदी आली. दोन्ही कायदे डेमोक्रॅटिक अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या कारकिर्दीतील. त्यानंतर दोन पक्षांमधील दरी रुंदावत गेली. बंदुकीवरचे मत ही पक्षनिष्ठेची खूण बनली. ग्रामीण मिनेसोटा किंवा व्हरमाँटमधील शिकारी डेमोक्रॅट हा पूर्वी सर्वत्र आढळणारा प्राणी दुर्मीळ होत गेला. तरी तो नामशेष झाला नाही. डोंगराळ व्हरमाँटचे डाव्या विचारांचे नेते बर्नी सँडर्स यांनी १९९३ च्या त्या पूर्वतपासणीच्या विधेयकाविरुद्ध मतदान केले होते, ही गोष्ट त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांनी पुढे वारंवार उकरून काढली.

नवे खरेदीदार कोण?

गेल्या पंचवीस वर्षांत उदारमतवादी बंदूकधारकांचे स्वरूप बदलले. शिकार मागे पडली आणि भीती पुढे आली. समलिंगी व्यक्तींवरील हल्ल्यांच्या पार्श्वभूमीवर २००० च्या सुमारास ‘पिंक पिस्तल्स’ नावाचे गट सुरू झाले. जून २०१६ मध्ये ऑर्लँडो येथील समलिंगींच्या नाइट क्लबमध्ये एका हल्लेखोराने ४९ जणांना ठार केले, तेव्हा या गटांकडे विचारणा करणाऱ्यांची संख्या एकाएकी वाढली. ‘नॅशनल आफ्रिकन अमेरिकन गन असोसिएशन’ची स्थापना २०१५ मध्ये अटलांटा येथे झाली. ‘लिबरल गन क्लब’ ही संघटना बंदुकांच्या प्रकारांवर बंदी घालण्यापेक्षा दारिद्र्य, बेरोजगारी, मानसिक आरोग्य अशा हिंसेच्या मुळांवर उपाय करण्याची मागणी करते. ‘सोशलिस्ट रायफल असोसिएशन’ ही त्याहून डावीकडे झुकलेली संघटना श्रमिकांच्या स्वसंरक्षणाची भाषा बोलते. ऑगस्ट २०१७ मध्ये शार्लट्सव्हिल येथे गौरवर्णीय वर्चस्ववाद्यांनी मोर्चा काढला, तेव्हा रस्त्यावर रायफलधारी उजव्या टोळ्या होत्याच. शिवाय एका उद्यानाभोवती डावे कार्यकर्तेही रायफली घेऊन उभे होते.

त्यानंतर २०२० साल उजाडले. करोनाची साथ, टाळेबंदी, मिनियापोलिस येथे पोलिसांच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर उसळलेली आंदोलने आणि अतिशय कडवट झालेली निवडणूक, असे सर्व एकाच वर्षात घडले. २०१९ मध्ये सुमारे २ कोटी ८४ लाख असलेल्या पूर्वतपासण्यांची संख्या २०२० मध्ये ३ कोटी ९७ लाखांच्या घरात गेली. प्रत्येक तपासणी म्हणजे एक विक्री नव्हे, तरी खरेदीचा कल त्यातून कळतो. जानेवारी २०१९ ते एप्रिल २०२१ या काळात सुमारे ७५ लाख प्रौढ अमेरिकनांनी आयुष्यात प्रथमच बंदूक घेतली, असे संशोधकांच्या एका राष्ट्रीय पाहणीत दिसून आले. या नवख्यांपैकी जवळपास निम्म्या स्त्रिया होत्या. कृष्णवर्णीय सुमारे २० टक्के आणि हिस्पॅनिक वंशाचे तेवढेच. साथीच्या काळात आशियाई वंशाच्या लोकांवर हल्ले वाढल्याने त्या समाजातही बंदुकीच्या दुकानाची पायरी प्रथमच चढणारे निघाले.

या खरेदीमागील तर्क समजण्यासारखा आहे. पोलीस आपल्या बाजूने उभे राहतील असा भरवसा ज्याला नाही, तो संरक्षणासाठी अन्यत्र पाहतो. उजव्या विचारांचा बंदूकधारक सरकारच्या सत्तेला भितो, तर हा नवा बंदूकधारक सरकारबरोबरच आपल्या सशस्त्र शेजाऱ्यालाही भितो. सारे शस्त्र दुसऱ्याच बाजूकडे असावे आणि आपण मात्र तत्त्वाचे पालन करावे, हे त्याला पटत नाही.

राजकीय नेत्यांनाही या बदलाची दखल घ्यावी लागली. २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅटिक उमेदवार कमला हॅरिस यांनी दूरचित्रवाणीवरील वादचर्चेत आपण आणि आपले सहउमेदवार टिम वॉल्झ दोघेही बंदूकमालक असल्याचे जाहीरपणे सांगितले. त्याच हॅरिस लष्करी धर्तीच्या रायफलींवर बंदी मागत होत्या. वॉल्झ हे तर शिकारीचे शौकीन. एके काळी रायफल असोसिएशनची उत्तम श्रेणी मिळवलेल्या वॉल्झ यांनी सामूहिक हत्याकांडांनंतर आपली भूमिका बदलली होती.

भीती खरी, उपाय खरा काय?

प्रश्न उरतो तो हा की, बंदूक घेतल्याने हा नागरिक खरोखरच अधिक सुरक्षित होतो का? येथे भावनेपेक्षा आकडेवारीचा आधार घ्यावा लागतो. २०२३ मध्ये अमेरिकेत बंदुकीमुळे ४६,७२८ मृत्यू झाले. त्यांपैकी सुमारे २७,३००, म्हणजे ५८ टक्के, आत्महत्या होत्या. वृत्तपत्रांचे मथळे सामूहिक गोळीबारांचे असतात. पण बंदुकीचे सर्वाधिक बळी बंद दारांआड, आपल्याच हाताने जातात. कॅलिफोर्नियातील लक्षावधी प्रौढांच्या नोंदी अनेक वर्षे तपासून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांचा बंदुकीने आत्महत्या करण्याचा धोका पिस्तूल नसलेल्या पुरुषांच्या सुमारे आठपट, तर स्त्रियांमध्ये तो सुमारे पस्तीसपट होता. त्याच मालिकेतील पुढील अभ्यासाने पिस्तूलधारकाबरोबर एका घरात राहणाऱ्यांच्या खुनाचे प्रमाण इतरांच्या दुपटीहून अधिक असल्याचे दाखवले.

असे का होते हे कळणे अवघड नाही. खचलेल्या मनःस्थितीतील तीव्र क्षण पुष्कळदा अल्पकाळ टिकतो. इतर साधनांनी केलेल्या प्रयत्नातून बहुतेक जण वाचतात. बंदूक मात्र क्वचितच दुसरी संधी देते. परक्या हल्लेखोराची भीती धरून आणलेले शस्त्र घरातील नैराश्य, दारू, दांपत्यकलह आणि लहान मुलांचे कुतूहल यांच्याही हाताशी येते. हे सत्य मतदान कोणाला केले यावर अवलंबून नसते. उदारमतवाद्याच्या कपाटातील पिस्तूल रिपब्लिकनाच्या पिस्तुलापेक्षा कमी घातक नसते.

याउलट परवान्याचेही सारे काही स्वच्छ नाही. २०१६ मध्ये मिनेसोटा राज्यात एका कृष्णवर्णीय शाळा कर्मचाऱ्याला पोलिसांनी रस्त्यात थांबवले. आपल्याजवळ शस्त्र असल्याचे त्याने स्वतःहून सांगितले; त्याच्याकडे रीतसर परवाना होता. तरीही काही सेकंदांत पोलीस अधिकाऱ्याच्या गोळ्यांनी त्याचा प्राण घेतला. पुढच्या वर्षी तो अधिकारी खटल्यातून निर्दोष सुटला. परवाना सर्वांना सारखेच संरक्षण देतो काय, हा प्रश्न त्या घटनेने अनेकांच्या मनात कायमचा रुतवला.

कायद्याची धार कोणावर?

उदारमतवाद्यांमधील हा अंतर्विरोध सर्वांत ठळकपणे दिसला तो न्यूयॉर्कच्या खटल्यात. १९११ पासून त्या राज्यात शस्त्रपरवाना देणे अधिकाऱ्यांच्या मर्जीवर होते. आपली गरज सर्वसामान्यांहून विशेष असल्याचे अर्जदाराला सिद्ध करावे लागे. ही व्यवस्था टिकावी असे डेमोक्रॅटिक नेत्यांना वाटत होते. पण गरीब आरोपींची बाजू मांडणाऱ्या, विचाराने डाव्या असलेल्या वकिलांच्या संघटनांनी सर्वोच्च न्यायालयात नेमकी उलट भूमिका घेतली. विनापरवाना शस्त्र बाळगल्याबद्दल तुरुंगात जाणारे आपले अशील बहुतांशी कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक असतात, प्रतिष्ठितांना परवाना मिळतो आणि गरिबांना शिक्षा, असे त्यांचे म्हणणे होते. २०२२ मध्ये ब्रुएन खटल्यात न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो कायदा रद्द केला. निकाल पुराणमतवादी न्यायमूर्तींनी दिला. उदारमतवादी न्यायमूर्ती विरोधात होते, तर काही उदारमतवादी वकील निकालाच्या बाजूने. त्यानंतर २०२४ मध्ये रहीमी खटल्यात, कौटुंबिक हिंसाचाराबद्दल न्यायालयीन मनाई हुकूम असलेल्या व्यक्तीकडून शस्त्र काढून घेता येते, असे त्याच न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी ठरवले.

म्हणजे हक्क राहणार हे आता जवळपास निश्चित आहे. वाद आहे तो अटींचा. या बाबतीत सामान्य लोक नेत्यांइतके दुभंगलेले नाहीत. मानसिकदृष्ट्या अस्वस्थ व्यक्तींना शस्त्रखरेदीस मनाई असावी, याला प्यूच्या २०२३ च्या पाहणीत दोन्ही पक्षांच्या सुमारे ८८ टक्के समर्थकांनी अनुमती दर्शवली. बंदूक कुलपात ठेवणे बंधनकारक करणाऱ्या, मुलांच्या हाती ती पडू न देणाऱ्या कायद्यांमुळे तरुणांतील आत्महत्या आणि अपघात घटतात, याला संशोधनाचा चांगला आधार आहे. उदारमतवादी बंदूकधारकाचे खरे महत्त्व येथे आहे. कुलूप, प्रशिक्षण, पूर्वतपासणी यांविषयी तो बोलू लागला तर त्याला बंदुकीतले काय कळते, असे म्हणून त्याला गप्प करता येत नाही.

आपण निवडलेली वाट

हा वाद आपल्याला पूर्णपणे परका आहे असेही नाही. १८७८ च्या शस्त्रकायद्याने इंग्रजांनी भारतीयांना निःशस्त्र केले आणि युरोपियनांना त्यातून वगळले. त्या अपमानाची सल इतकी खोल होती, की काँग्रेसच्या १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याच्या हक्काचाही समावेश होता. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी हा हक्क राज्यघटनेत घालावा अशी दुरुस्ती सुचवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. कराचीचा ठराव परकीय सत्तेच्या कायद्याविरुद्ध होता, हे त्यांनी मान्य केले; पण कोणालाही बाजारातून हवे ते शस्त्र बिनदिक्कत विकत घेण्याचा हक्क असेल तर राज्यकारभार चालणार कसा, असा त्यांचा सवाल होता. आपल्या घटनेने शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क दिला. शस्त्राचा प्रश्न १९५९ च्या कायद्यावर आणि परवान्यावर सोपवला.

समाजातील सर्वांत दुबळ्या घटकांची वेदना आंबेडकरांइतकी कोणाला ठाऊक होती? तरीही त्यांनी दुबळ्याच्या संरक्षणाची जबाबदारी राज्यसंस्थेवर टाकली, त्याच्या हातातील शस्त्रावर नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीय शिक्षिका किंवा समलिंगी तरुण बंदुकीच्या दुकानात जातो तेव्हा राज्यसंस्था ही जबाबदारी पार पाडील यावरचा त्याचा विश्वास उडालेला असतो. त्या देशात नागरिकांकडील बंदुकांची संख्या लोकसंख्येपेक्षाही अधिक असल्याचा अंदाज आहे. तेथे उदारमतवाद्यांच्या घरात आणखी काही बंदुका आल्याने हिंसेचे गणित फारसे बदलणार नाही. पण ज्यांनी आजवर कायद्याच्या राज्यावर सर्वाधिक भिस्त ठेवली, तेच आता कुलूपबंद कपाटावर भिस्त ठेवू लागले आहेत, ही बाब त्या लोकशाहीने गंभीरपणे घेण्यासारखी आहे. त्यांना बंदूक सोडायला सांगण्याआधी ती त्यांना का घ्यावीशी वाटली, याचे उत्तर पोलीस, न्यायालये आणि राजकीय पक्ष यांनी द्यावयाचे आहे.